ट्रेलर घ्यायचा होता, आधी लाकूड तोललं

आमचं काम लाकडी बांधकामाचं. शेड, ओटे, कुंपणं, छपरांचे सांगाडे. पिकअपचा हौदा लहान, त्यात सोळा फुटी वासे घातले की निम्मे मागे लोंबणार, आणि जनरेटर आणि जमीन दाबायचा कॉम्पॅक्टर चढवले की लाकडाला जागाच उरत नाही. बरीच वर्षं भाड्याच्या ट्रेलरवर निभावलं. त्याचा एक फायदा झाला. हरतऱ्हेचे ट्रेलर ओढून झाले, त्यामुळे स्वतःचा घ्यायची वेळ आली तेव्हा काय नको हे पाठ होतं. काय हवं हे मात्र कागदावर मांडावं लागलं.

ट्रेलर बघायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती फुटी हवाय?" मी लांबीचं उत्तर मुद्दाम लांबणीवर टाकलं आणि वजनापासून सुरुवात केली. माझं मत साधं आहे. कठडा, खुंट्या, रॅम्प, दिवे, पेटी या सगळ्या गोष्टी वेल्डिंगवाला नंतरही करून देतो. ॲक्सलची (चाकांच्या आसाची) ताकद, चासीची (खालच्या सांगाड्याची) लांबी आणि चाकं कुठे बसली आहेत, या तीन गोष्टी मात्र एकदा घेतल्या की घेतल्या. तेव्हा डोकं खाजवायचं ते या तिघांवर.

लाकडाचं वजन हा फसवा प्रकार आहे. वाळलेलं पाइन घनमीटरला साधारण ५०० किलो भरतं. तेच करवतीतून ताजं उतरलेलं असलं तर ८०० ते ९०० किलो, कधी त्याहून जास्त. सोळा फूट लांब, चार फूट रुंद आणि एक फूट उंच अशी थप्पी डोळ्यांपुढे आणा. दिसायला गुडघ्याएवढीही नाही, ट्रेलर जवळजवळ रिकामाच वाटतो. पण ही थप्पी अठराशे लिटर, म्हणजे जवळपास १.८ घनमीटर झाली. वाळलेली असेल तर ९०० किलोच्या आसपास, ओली असेल तर दीड टन. प्लायवूडचंही तसंच. आठ बाय चार फुटांचा १८ मिलिमीटरचा एक ताव ३० ते ३५ किलोंचा. तीस ताव म्हणजे एक टन, आणि तीस तावांची उंची जेमतेम पावणेदोन फूट. त्यामुळे "अजून जागा आहे, टाका की" हे वाक्य मी लाकडाच्या बाबतीत ऐकूनच घेत नाही. जागा संपण्याच्या बऱ्याच आधी वजन संपतं.

मग यंत्रं. प्लेट कॉम्पॅक्टर नव्वदेक किलो, जनरेटर आणि मिक्सर धरून अजून तीन-चारशे. हे सगळं किरकोळ. खरा प्रश्न होता मिनी एक्स्कॅव्हेटरचा. पायाच्या खोदाईला आम्ही तो भाड्याने आणतो, पावणेदोन टनांच्या आतला. आपला ट्रेलर असला की तोही आपणच आणू, असं आमच्यात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

इथे गाडीचं मॅन्युअल उघडलं. ट्रेलर कितीही दणकट घ्या, शेवटचा शब्द ओढणाऱ्या गाडीचा असतो. आमच्या पिकअपला ब्रेक असलेला ट्रेलर २५०० किलोंपर्यंत चालतो, बिनब्रेकचा ७५० पर्यंत, आणि बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर ज्या गोळ्यावर अडकतो त्यावर, उभा भार जास्तीत जास्त २५० किलो. हे २५०० म्हणजे माल नव्हे, माल आणि ट्रेलर मिळून. दोन ॲक्सलचा सोळा फुटी ट्रेलर स्वतःच सुमारे ८०० किलोंचा असतो. उरले १७००. त्यात एक्स्कॅव्हेटर, त्याच्या जादा बादल्या, डिझेल, साखळ्या असं सगळं धरलं की हिशोब काठावरून बाहेर जातो. शिवाय बॉलवर येणारा भार गाडीच्या स्वतःच्या वहनक्षमतेतून वजा होतो. गाडीत चार माणसं आणि हौद्यात हत्यारांच्या पेट्या असतील तर मागच्या चाकांवर आधीच बराच बोजा असतो.

म्हणून एक्स्कॅव्हेटर यादीतून काढला. तो ज्याचा आहे तोच पोचवून देतो, वेळप्रसंगी थोडे जास्त पैसे घेतो. वर्षातून अधूनमधून लागणाऱ्या एका यंत्रासाठी रोज जड ट्रेलर ओढणं मला पटलं नाही. हा निर्णय आमच्यात सगळ्यांना आवडला असं नाही. पण आकडे कागदावर होते, त्यामुळे वाद फार चालला नाही.

आता उरला प्रश्न एक ॲक्सल की दोन. एका ॲक्सलचे ट्रेलर हलके, वळायला सोपे, टायर दोनच, बेअरिंगचा खर्च निम्मा. बाजारात सर्रास मिळणारा ॲक्सल ३५०० पाउंडांचा, म्हणजे सुमारे १५८८ किलोंचा. मात्र ॲक्सलवरचा आकडा आणि ट्रेलरच्या पाटीवरचा आकडा एकच असेल असं नाही, आणि धरायचा तो पाटीवरचा. यात एक गंमत आहे. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ३००० पाउंडांच्या वर ब्रेक लावावे लागतात, म्हणून तिथले कित्येक ट्रेलर पाटीवर २९९० पाउंड लिहून येतात. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ही रेषा ७५० किलोंवर आहे, आणि तिथेही बिनब्रेकचे ट्रेलर बरोबर ७५० ला येऊन थांबतात. २९९० पाउंड म्हणजे १३५६ किलो. त्यातून ट्रेलरचे साडेपाचशे गेले की मालाला आठशे. माझी वाळक्या लाकडाची थप्पीसुद्धा त्यात बसत नाही, ओल्याचं तर नावच नको.

दोन ॲक्सल घेतले तर ट्रेलरची ताकद ३१०० किलोंच्या पुढे जाते. गाडी मला २५०० च्या वर जाऊ देणार नाही, म्हणजे सहाशे किलोंची ताकद वापरातच येणार नाही. तरी मला तेच बरं वाटलं. ॲक्सल, पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या), टायर सगळे मर्यादेच्या खाली काम करतात, आणि चालता टायर फुटला तर शेजारचा सावरून धरतो. तोटेही आहेत. जागच्या जागी तीव्र वळण घेतलं की पुढची-मागची चाकं एकमेकांच्या विरुद्ध घासतात आणि टायर आडवे ओढले जातात. रिकामा ट्रेलर हाताने ढकलून कोपऱ्यात लावणं विसरायचं. आणि चार हब (चाकांचे मधले भाग) म्हणजे चार बेअरिंग-जोड्या, चार सील, चार ड्रम.

लांबीचं उत्तर यानंतर आलं, आणि तेही वजनामुळेच आलं.

ट्रेलर ओढताना जीव वाचवणारी एकच गोष्ट सांगायची झाली तर मी बॉलवरचा भार सांगेन. असा बॉलचा जोड असलेल्या ट्रेलरसाठी एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर यावा असा सर्वसाधारण आडाखा आहे. युरोपातल्या गाड्यांना त्याहून कमी सांगतात, म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल बघायचं. भार फार कमी पडला की ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो, आणि एकदा हलायला लागला की वेग वाढवून किंवा स्टेअरिंगशी झटापट करून तो थांबत नाही, उलट वाढतो. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढून वेग उतरू द्यायचा, आणि ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावता येत असतील तर फक्त ते लावायचे. भार फार जास्त झाला तर गाडीचं बूड दबतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंगची पकड जाते.

आता सोळा फुटी तळावर सोळा फुटी ओली थप्पी पुढच्या कठड्याला भिडवून ठेवली. चाकं तळाच्या मध्याच्या जराशी मागे असतात, फूटभर धरा. त्यामुळे थप्पीचा मध्य चाकांच्या पुढे पडतो आणि बॉलवर सव्वाशे-दीडशे किलो येतात. ट्रेलरचा स्वतःचा ऐंशी-नव्वद किलो धरून बेरीज दोनशेवीसच्या आसपास. एकूण वजन २३०० असताना हे अगदी जागेवर बसलं. हीच थप्पी एक फूट मागे सरकवली तर? दीड टन लाकूड फूटभर सरकलं की बॉलवरचे शंभराहून जास्त किलो उडतात. दहा टक्क्यांचे पाच होतात. बाहेरून बघणाऱ्याला फक्त फूटभर लाकूड मागे आलेलं दिसतं, लाल फडकं बांधलेलं असतं आणि सगळं नियमात वाटतं.

याचा अर्थ माझ्यापुरता असा झाला की तळाची लांबी नेहमीच्या लाकडाच्या लांबीइतकी हवी. बारा फुटी तळावर सोळा फुटी माल नेता येतो, लोक नेतात, पण चार फूट मागे आले की मध्य चाकांच्या मागे जातो. कठड्यावरून पुढे काढावं तर दुसरी पंचाईत. सरळ रस्त्यावर काही कळत नाही, पण मागे घेताना ट्रेलर तिरका झाला की वाशांची टोकं गाडीच्या मागच्या काचेकडे येतात. कधीमधी अठरा फुटी माल लागतोच. त्या वेळी आखूड फळ्या, खिळ्यांच्या पेट्या, कॉम्पॅक्टर हे सगळं पुढच्या बाजूला आणि लांब माल त्यावर, असं रचलं की भार जागेवर येतो.

तर ठरलं ते असं: दोन ॲक्सल, सोळा फूट, दोन्ही ॲक्सलना ब्रेक.

वापरलेले ट्रेलर बघण्यात मजा आली. एक हातोडी, एक टॉर्च आणि जुनी चटई घेऊन जायचो. चटईवर पाठ टेकून खाली सरकायचं आणि आडवे चॅनेल एकेक करून हातोडीने वाजवत जायचं, मडकं घेताना वाजवून बघतात तसं. धड लोखंड खणखणतं. आतून खाल्लेलं असलं की आवाज बसका येतो आणि पापुद्रे तोंडावर पडतात. एक ट्रेलर वरून नवाकोरा, काळा रंग इतका ताजा की हाताला लागेल. खालून फळ्यांच्या जोडाखाली प्रत्येक आडव्या चॅनेलवर त्याच जागी गंज, कारण पाणी तिथूनच झिरपतं. मालक म्हणाला, "वरवरचा आहे हो, घासला की जाईल." हातोडीचं टोक आत गेलं. तो विषय तिथेच संपला.

चौकोनी पाइपच्या चासीबद्दल माझा थोडा आकस आहे, तो सांगून टाकतो. पाइप ताकदीला उत्तम, पीळ सहन करतो. पण एकदा आत पाणी शिरलं की तो आतून कुजतो आणि बाहेर रंग शाबूत असतो. सी-चॅनेल आणि अँगल उघडे असतात, जे काय व्हायचं ते डोळ्यांसमोर होतं. वितळलेल्या जस्तात बुडवून गॅल्वनाइज केलेली चासी असेल तर हा आक्षेप बराचसा गळतो, कारण जस्त आतही पोचतं. मात्र तिच्यावर नंतर काही वेल्ड करायचं तर जस्त घासून काढावं लागतं, त्याचा धूर छातीत जाऊ द्यायचा नसतो, आणि त्या जागेवर पुन्हा जस्ताचा रंग द्यावा लागतो.

टायरबाबत खाचा बघून भागत नाही. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण ट्रेलर उभाच जास्त असतो. बाजूच्या भिंतीवर चार आकडी कोड असतो: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५१६ म्हणजे २०१६ सालचा पस्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर मी किमतीत धरतच नाही, खाचा कितीही खोल असोत. काही जणांनी मोटारीचे साधे टायर चढवलेले दिसले. ट्रेलरच्या टायरची भिंत जाड आणि ताठ असते, भरल्या भाराने ती आडवी डोलत नाही. मोटारीचा टायर आरामासाठी केलेला असतो, तो डोलतो.

चाक उचलून हाताने फिरवायचं आणि दुसरा हात पाट्यावर ठेवायचा. बेअरिंग खराब असेल तर कानाला कळण्याआधी पाट्यावरच्या हाताला खरखर जाणवते. मग चाक वर-खाली धरून हलवायचं, खेळ आहे का ते बघायला. पाट्यांच्या टोकांचे बोल्ट बघायचे. तिथल्या स्वस्त बुशांमध्ये नायलॉन असतं, ते झिजलं की बोल्ट लोखंडावर घासतो आणि भोक लांबट होतं.

पाटे की रबराचा टॉर्शन ॲक्सल, यावर बरेच जण हिरिरीने बोलतात. टॉर्शनमध्ये चौकोनी नळीच्या आत रबराच्या दांड्या दाबून बसवलेल्या असतात, चाकाचा हात फिरला की रबर आवळतं. चाल मऊ, आवाज नाही, ग्रीस नाही, ट्रेलर खाली बसतो. एका ॲक्सलच्या ट्रेलरला मी आनंदाने टॉर्शन घेतला असता. दोन ॲक्सलला मात्र पाट्यांमध्ये एक सोय असते. पुढच्या आणि मागच्या पाट्यांना जोडणारा एक झोका असतो, तो भार दोन्ही ॲक्सलवर वाटून देतो. टॉर्शनचे दोन ॲक्सल एकमेकांशी बोलत नाहीत. ट्रेलर गाडीला जोडल्यावर जरा नाक वर करून उभा राहिला की मागच्या ॲक्सलवर जास्त बोजा. आमच्याकडे ट्रेलर कधी पिकअपला, कधी दुसऱ्या गाडीला लागतो, बॉलची उंची सारखी नसते. पाटे घेतले. पाट्याचं एक पान तुटलं तर ते कुठेही बदलून मिळतं. टॉर्शनचं रबर गेलं की अख्खा ॲक्सल बदलायचा.

वापरलेल्यांत मनासारखा मिळाला नाही, तेव्हा नवा बनवून घ्यायचं ठरलं. बनवणाऱ्याकडे गेलो तर त्याच्याकडे तयार नमुना होता: मागचे दोन फूट खाली उतरते, आणि त्याला जाळीचा उभा फाळका.

"शेपूट उतरती ठेवतो," तो म्हणाला. "यंत्रं चढवायला सोपं पडतं. सगळे तेच घेतात."

"लाकूड कशावर टेकणार मग मागे?"

तो थांबला, तळाकडे बघितलं आणि हसला. "खरंय. तुम्हाला सपाटच बरा."

उतरत्या शेपटीवर सोळा फुटी वासा ठेवला की त्याची मागची दोन फुटं हवेत राहतात. यंत्रवाल्यांसाठी ती सोय, लाकूडवाल्यांसाठी दोन फूट वाया. जाळीचा फाळकाही तसाच. बागेची यंत्रं चढवणाऱ्याला तो छान, पण रस्त्यावर चार फूट उंच जाळी वाऱ्याला आडवी उभी राहते, खडखडते, पेट्रोल खाते, आणि लाकूड मागून बाहेर आलं की नेमकी आडवी येते. मी मागच्या बाजूला तळाखाली सरकून बसणारे दोन सुटे रॅम्प करून घेतले. त्यांची लांबी विचार करून ठरवली. तळ जमिनीपासून साठ सेंटिमीटर. दीड मीटरचा रॅम्प असेल तर चढ जवळजवळ २४ अंशांचा होतो, दोन मीटरचा असेल तर साडेसतरा. कॉम्पॅक्टर हाताने ढकलत वर नेणाऱ्या माणसाला हा फरक पायांत कळतो. दोन मीटरचे घेतले.

मागच्या दोन कोपऱ्यांना खाली सोडता येतील असे दोन पाय लावायला सांगितले. जड यंत्र रॅम्पवरून चढताना सगळा बोजा काही क्षण ट्रेलरच्या मागच्या काठावर असतो, त्याने ट्रेलरची पुढची दांडी वर उचलली जाते आणि सोबत गाडीचं बूडही. पाय टेकवले की तो प्रश्न राहत नाही. ट्रेलर गाडीपासून सोडवून त्यावर यंत्र चढवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्या जवळ उभं राहू नये.

कठड्यावर बराच खल झाला. पक्का वेल्ड केलेला कठडा दणकट असतो, चासीलाही ताठपणा देतो. पण लाकडाच्या वखारीत फोर्कलिफ्ट बाजूने येतो. दीड-दोन फुटी कठडा असला तर चालकाला गठ्ठा उंच उचलून वरून आत सोडावा लागतो, आणि रिकामे काटे परत काढताना पुढचा-मागचा कोपरा घासतोच. म्हणून पुढचा कठडा तेवढा पक्का, बाजूंना खाचे आणि त्यात उभ्या करता येणाऱ्या लोखंडी खुंट्या. गठ्ठा ठेवताना खुंट्या काढायच्या, ठेवून झालं की खोचायच्या. तळावर आडवे चार बाय चार इंचांचे ठोकळे आधी मांडायचे. त्यामुळे काटे सुटतात, आणि नंतर पट्टे खालून ओवायला जागा राहते. ठोकळे एकमेकांवर सरळ रेषेत यायला हवेत, नाहीतर ओली फळी घरी पोचेपर्यंत बाक धरते.

तळ लाकडी की लोखंडी पत्र्याचा, याला फार वेळ दिला नाही. चेकर प्लेट ओली झाली, तिच्यावर चिखल आला की बूट आणि यंत्र दोन्ही घसरतात, उन्हात हात लावता येत नाही, आणि तिचं वजन मालातून जातं. लाकडी फळी तुटली तर आम्ही तरी ती बदलू शकू एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. औषध मारलेल्या दोन इंची फळ्या, मध्ये पाणी जाईल एवढी फट.

ब्रेक दोन जातींचे. एकात दांडीतच यंत्रणा असते: गाडीचा वेग कमी झाला की ट्रेलर मागून ढकलतो, कपलर (बॉलवर बसणारं दांडीचं टोक) आत सरकतो आणि त्या दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. गाडीत काहीच बसवावं लागत नाही, कुठलीही गाडी चालते. दुसरे विजेचे: ड्रमच्या आत विद्युतचुंबक असतो, गाडीतल्या कंट्रोलरने वीज दिली की तो ड्रमला चिकटतो आणि ब्रेकचे शू उघडतात. मी विजेचे घेतले, आणि कारण एकच, कंट्रोलरवर एक छोटी मूठ असते. ती दाबली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. वर शेपटी हलण्याबद्दल लिहिलं, त्यावर हाच उतारा आहे. ढकलण्यावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये तो मिळत नाही.

दांडीवर एक छोटी बॅटरी आणि गाडीला तारेने बांधलेली खिट्टी असते. ट्रेलर सुटला तर तार ताणून खिट्टी निघते आणि ब्रेक आपोआप लागतात. ताब्यात घेताना ती ओढून बघितली, गाडी हळूच पुढे घेतली, चारही चाकं जमिनीवर घासली. ही चाचणी अधूनमधून करावी लागते, कारण बॅटरी मेलेली असली तर खिट्टी नुसता दागिना. सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन बांधायच्या, म्हणजे कपलर निसटला तरी दांडी साखळ्यांवर पडते, रस्त्यात रुतत नाही.

कपलर आणि बॉल यांचं माप दोन्हींवर कोरलेलं असतं, तेवढं वाचायचं. दोन इंची कपलर पावणेदोन इंचांच्या वरच्या, म्हणजे १⅞ इंची बॉलवर नीट बसल्यासारखा वाटतो, खटकाही लागतो. मग एखाद्या खड्ड्यात वर उचलला जातो. खटका लावल्यावर दांडीचा जॅक फिरवून गाडीचं बूड किंचित उचलतं का ते बघायचं. उचललं तर धरलंय.

ट्रेलर आल्यावर सगळ्यात आधी बॉलवरचा भार मोजला. त्यासाठी महागडं काही लागत नाही. बाथरूममधला वजनकाटा अडीचशे किलो झेपणारा नसतो, म्हणून तरफ करायची. सपाट जमिनीवर एका बाजूला विटेवर लोखंडी पाइपचा तुकडा, दुसऱ्या बाजूला काटा, दोन्हींवर टेकलेली जाड फळी. पाइप आणि काटा यांत तीन फूट अंतर, आणि ट्रेलरची दांडी पाइपपासून एक फुटावर टेकवायची. काट्यावर एक तृतीयांश भार येतो, म्हणून आकड्याला तीनने गुणायचं. फळीचं स्वतःचं वजन काट्यावर किती दिसतं ते आधी बघून वजा करायचं. दांडी बॉलच्या नेहमीच्या उंचीवर असावी, फार खाली झुकली तर आकडा चुकतो. आणि चाकांना अडणी लावल्याशिवाय यातलं काहीही करायचं नाही.

रिकामा असताना काट्यावर तीस दिसले, म्हणजे नव्वद किलो. वाळलेल्या लाकडाचा भार ठेवून सत्तावन्न, म्हणजे १७१. तोच भरलेला ट्रेलर वे-ब्रिजवर नेऊन एकूण वजन काढलं, ते १६६० भरलं. दहा टक्क्यांना थोडं वर. तळावर पुढच्या कठड्यापासून कुठे काय ठेवायचं याच्या खुणा पांढऱ्या रंगाने करून टाकल्या, म्हणजे माल चढवणारा कुणीही असो, विचारायला नको.

माल आवळायच्या पट्ट्यांवर दोन आकडे असतात, तुटण्याचा आणि कामाचा. कामाचा आकडा तुटण्याच्या साधारण एक तृतीयांश असतो, आणि हिशोब त्याचाच. ओल्या लाकडाला पट्टा आवळून थोडं अंतर गेलं की थप्पी दबते आणि पट्टा सैल पडतो, म्हणून थांबून पुन्हा आवळायचे. त्याच थांब्यावर चारही हबना हाताची पालथी बाजू लावायची. कोमट असतील तर ठीक. एकच बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक, आणि तिथून पुढे जायचं नाही. नव्या चाकांचे नट पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत टॉर्क पान्याने पुन्हा बघावे लागतात, रंग दबला की ते सैलावतात. आमचे दोन चाकांवरचे सैलावले होते.

स्टेपनी कुठे लावायची हे मी शेवटपर्यंत ठेवलं होतं. बनवणारा दांडीवर लावून देत होता, सगळे तिथेच लावतात, हाताशी राहते. पण तिथे पंचवीस-तीस किलो लावले की ते जवळजवळ सगळेच बॉलवर येतात, आणि ओल्या लाकडाच्या वेळी आमच्याकडे तेवढीच फट उरलेली होती. पुढच्या खुंट्यांच्या मागे, चासीच्या बाजूला चाकांच्या जवळ ब्रॅकेट वेल्ड करून घेतला. काढायला वाकावं लागतं. लावल्यावर पुन्हा फळी, पाइप आणि काटा काढला. काट्यावर पहिल्यापेक्षा तीनच किलो जास्त दिसले.